रस्ता किती मुलं रुंद?

“ओलांडू नको रे! परत फीर, आल्या पावली परत फीर!”

मला कळू लागल्यापासूनचा पहिला आवाज हाच. माझ्या रमाआत्याचा. पेंगुळलेलं पोर जमिनीवर आडवं झालेलं असावं आणि कुणाचं तरी पाऊल त्याच्या अंगावरून पलीकडे पडावं, की आत्या असेल तिथून हाक घालायची. चुलीपाशी असो, विहिरीपाशी असो, एकदा तर चालू आरतीतून. ती हाक अशी असायची, की भरल्या घागरीसकट माणूस जागच्या जागी वळायचा. निजलेल्या मुलाला ओलांडलं की त्याची वाढ खुंटते, आणि ओलांडणारा उलट फिरून आला की बांधलेली गाठ सुटते. हे आमच्या घरी कुणाला शिकवावं लागलं नाही. तहान लागली की पाणी प्यावं, तसंच ते.

माझ्या वेळी मात्र हाक घालायला उशीर झाला, असं ठरलेलं होतं. मी उंचीनं बेताची आहे. ‘बेताची’ हा शब्द माझा. माझे यजमान शरच्चंद्र मला ‘आटोपशीर’ म्हणतात. आणि बडोद्याच्या रावपुऱ्यातला भाजीवाला मला पाठमोरी पाहून “बेबी, खसी जा”, म्हणजे बाजूला सर, म्हणाला, तेव्हा माझ्या हातात शाळेच्या किल्ल्या होत्या आणि कपाळावर चांगलं रुपयाएवढं कुंकू होतं. लहानपणी मी आत्याला विचारलं होतं, “आत्या, मी अशी का गं?” आत्या तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. मग म्हणाली, “तान्ही असताना घोंगडीवर निजली होतीस. कुणीतरी ओलांडलं, नि परत फिरलं नाही.” कोण, ते तिनं कधी सांगितलं नाही. आई मी रांगायच्या आधीच गेलेली, घरात नवी आई आलेली, तेव्हा विचारायचं दुसऱ्या कुणाला? मी आपल्या मनानं गुन्हेगार बदलत राहिले. कधी कासार, कधी वासुदेव. बरेच दिवस शेजारच्या म्हशीवरही संशय होता.

आत्या स्वतः ताडासारखी. नवरा लवकर गेला, सासर सुटलं, तशी ती आधी माहेरी, आमच्या घरी आली, नि पुढे माझ्याजवळ बडोद्याला राहायला. अजून ती माझी वेणी घालते, आणि घालून झाली की क्षणभर माझ्या टाळूवर हनुवटी टेकून उभी राहते. माझं डोकं हे हनुवटी ठेवायचं फडताळ आहे, हा अपमान मी केव्हाच गिळला. त्या वेळी ती हटकून एक ओवी गुणगुणते:

वीतभर माझी बाळी, हातभर तिची साउली
मोजायाला गेले बाई, दोरी अंगणी सरली

असो. गोष्ट माझी नाही, तोरणाची आहे.

रावपुऱ्यात एका कापडाच्या पेढीवर दोन खोल्या घेऊन मी लहानग्यांचं बालमंदिर चालवत होते. नवी पद्धत. मुलांनी ओंजळीनं चिंचोके मोजायचे, चिमटीनं रवा, वाटीनं तांब्यातलं पाणी. कुणाच्या मुठीत जास्त मावतं, कुणाची वीत लांब, यावर आमच्याकडे जेवढी भांडणं होत तेवढी भाऊबंदकीतही होत नसतील. पण त्या भांडणांतून मुलं शिकत, हे मला दिसत होतं. शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष संपतराव यांना ते दिसत नव्हतं. ते निवृत्त नायब सुभे. निवृत्त झाले ते कचेरीतून, नायब सुभेपणातून नव्हे. पगडी, काठी आणि नजर नेहमी क्षितिजावर. त्यांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, “बाई, महाराजांच्या हीरक महोत्सवापर्यंत वर्ग भरलेला दिसला, तर खोल्या तुमच्या. नाही तर तिथे ग्रंथालयाची कपाटं येतील. कपाटं निदान पाढे चुकत नाहीत.”

त्या महोत्सवाची मिरवणूक आमच्या खालून जाणार होती. सगळं बडोदं रंगात आलेलं. मी ठरवलं, आमच्या गॅलरीपासून समोरच्या चारुबेनच्या गॅलरीपर्यंत, रस्त्यावरून आडवं झेंडूचं तोरण लावायचं. आणि ते किती लांब हवं, ते मुलांनी मोजायचं.

दुसऱ्या कुणी शिंप्याला विचारलं असतं. मलाही तो सल्ला मिळालाच. शरच्चंद्र म्हणाले, “दोरी टाक नि मोज.” खालचे पेढीवाले म्हणाले, “बेन, वार कापड लो ने, गजथी मापी आपुं.” वर्गातल्या गुणवंतच्या आई वत्सलाबाई म्हणाल्या, “आमच्या ह्यांच्याकडे पोलादी फीत आहे, पण ते ती कुणाला देत नाहीत.” चारुबेन म्हणाली, “मंदाबेन, एवढं काय ते? जास्तच लांब करा, उरलं तर माझ्या देवाला.” सगळे शहाणे. मला शहाणपण नको होतं, मला शिक्षण हवं होतं. दोहोंत फरक असतो, आणि तो माणसाला बराच महाग पडतो.

मी मुलांना विचारलं, “रस्ता केवढा?”

“खूप मोठ्ठा!”

“सुरसागर तळ्याएवढा!”

मग आम्ही मोजू लागलो. गुणवंत विती टाकत निघाला. अर्ध्या रस्त्यात बैलगाडी आली, तो पळाला, आणि परतल्यावर शेवटची वीत कुठे होती ते कुणाला आठवेना. मग पावलं. पावलं बोरं विकणाऱ्या बाईपर्यंत सरळ गेली आणि तिथून बोरांकडे वळली. मग मुलांनी पतंगाचा मांजा आणला. तो वरच्या गच्चीतल्या कुणीतरी काटला. रस्ता काही मोजला जाईना.

तेव्हा नीरा पुढे आली. नीरा आमच्यातली सर्वांत लहान आणि सर्वांत गंभीर. बोलण्याआधी ती नाक पुसते, म्हणजे आता महत्त्वाचं येतंय हे कळतं.

“ताई, वीत उचलली की हरवते. आम्ही हरवत नाही. आम्ही झोपतो.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. माझ्या पद्धतीचं सार्थक माझ्यासमोर नाक पुसत उभं होतं.

दुपारची वेळ धरली. रावपुरा जेवून डुलक्या घेत होता. नाक्यावरच्या शिपायाला मी टांगे थोपवायला सांगितलं. त्यानं महोत्सवाची तालीम समजून सलाम ठोकला. मुलं रस्त्यावर ओळीनं झोपली, एकाच्या टाचेला दुसऱ्याचं डोकं. आमच्या पायरीपासून निघालेली ती पोरांची दोरी चारुबेनच्या ओट्याच्या अलीकडे जराशी संपली. नीरा खडू घेऊन उभी होती. ती उरलेल्या जागेकडे आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, तुम्ही झोपा. बरोब्बर तुमच्याएवढीच जागा आहे.”

“शिक्षिका रस्त्यात झोपत नसते,” मी म्हणाले.

आणि त्याच वेळी समोरच्या गल्लीतून संपतराव आले. महोत्सवाच्या सभेला निघालेले. नजर क्षितिजावर. क्षितिज आणि त्यांच्या मधे मुलं झोपली आहेत, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी धोतराचा सोगा उचलला, चिखल ओलांडावा तसा गुणवंत ओलांडला आणि चालू लागले.

वरच्या शाळेच्या गॅलरीतून आत्याची हाक आली.

“परत फिरा! अहो पगडीवाले, आल्या पावली परत फिरा!”

संपतराव थांबले. वर पाहिलं. कुणी तरी बाई त्यांना भर रावपुऱ्यात ‘चालते व्हा’ म्हणते आहे, एवढंच त्यांनी ताडलं असावं. त्यांनी काठी आपटली आणि पुढेच गेले, आता जरा जास्त ताठ.

आत्या जिना उतरून येईपर्यंत ते नाक्यापलीकडे गेले होते. “गेला गं,” ती म्हणाली. तिचा चेहरा असा उतरला होता, जणू तोच माझ्या घोंगडीवरून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोरणाच्या परवानगीचा अर्ज घेऊन कचेरीत गेले. रस्त्यावर आडवं काही बांधायचं तर लांबी लिहावी लागे. मी मुलांना शब्द दिला होता की तुमचं माप सरकारात जाईल. म्हणून मी लिहिलं होतं: ‘नीरा सोडून वर्गातली सगळी मुलं, अधिक उरलेली जागा.’ तिथले कारकून सुभानराव सज्जन गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला.

“बाई, मूल म्हणजे किती?”

“मूल म्हणजे... मूल.”

“आमच्याकडे हात आहे, गज आहे, फूट आहे. मूल नाही. आणि ही उरलेली जागा?”

“ती साधारण एका मोठ्या मुलाएवढी.”

“म्हणजे मोठं मूल हे वेगळं माप?” त्यांनी पुष्कळ विचार केला. माणूस नियमात अडकलेला, पण मनानं वाईट नव्हता. अर्ज फेकला नाही. समासात शेरा मारला: ‘नमुन्यादाखल एक मूल समक्ष हजर करावे.’

मी मोठ्या आनंदानं नमुना आणायला शाळेत आले. शाळेत एकही नमुना नव्हता.

खोल्या रिकाम्या. चिंचोके मात्र जागच्या जागी. आत्या एका कोपऱ्यात बसून कापसाच्या वाती वळत होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. जिन्यावर वत्सलाबाई उभ्या होत्या, मागे बाकीच्या आया. वत्सलाबाई भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचे डोळे रडून सुजले होते.

“ताई, माझ्या गुणवंताचं काय हो आता?”

“अहो, मुलं खाऊन-पिऊन वाढतात. पावलानं काय होतं?”

“काल संध्याकाळी ह्यांनी फीत काढली. देत नाहीत कुणाला, पण काढली. दाराच्या चौकटीशी गुणवंताला मोजलं. आज सकाळी परत मोजलं. काडीभर वाढला नाही!”

मागे उसासे उठले. प्रत्येक घरी मोजणी झाली होती. एका रात्रीत कुणाचंही मूल वाढलं नव्हतं. रावपुऱ्याच्या इतिहासात मोजमापाचा इतका प्रसार पूर्वी झाला नसेल, आणि तो मीच केला होता.

मग प्रश्न निघाला की पाऊल एकट्या गुणवंतावरून गेलं की सगळ्यांवरून. मी म्हटलं, एकट्यावरून. एक आई म्हणाली, डोक्याला टाच लागलेली, म्हणजे मुलांची एकच दोरी झालेली. दोरीला गाठ कुठेही मारा, दोरी आखूड होतेच. हा युक्तिवाद इतका बिनतोड होता की मला अभिमानही वाटला. माझ्याच वर्गातून हे घरी गेलं होतं.

“आणि पुरावा हवा तर,” वत्सलाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, “राग मानू नका ताई. पण तुमचंच बघा ना. आत्याबाईंनीच नाही का सांगितलं होतं तुमच्या घरच्या हळदीकुंकवाला?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वरून खाली, आणि तो प्रवास लवकर संपला. मी दहा मुलांचा संसार उभा केला होता, नव्या पद्धतीची व्याख्यानं ऐकली होती, आणि आज मी एक धोक्याची पाटी होऊन उभी होते. मी आत्याकडे बघितलं. तिच्या बोटांतली वात वळता वळता तुटली.

रात्री शरच्चंद्रांनी माझं सगळं ऐकलं. म्हणाले, “मग संपतरावांना उलट फिरव. सोपं आहे.”

सोपं! मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या बैठकीत जाऊन उभी राहिले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. हेही मान्य केलं की त्यांच्या मातोश्रीही असंच म्हणत. “पण बाई,” ते म्हणाले, “नोकरीत असताना मी दिलेला हुकूम मागे घेतला नाही. आता पाऊल मागे घेऊ? तेही रस्त्यावर मला चालता हो म्हणालेल्या बाईंसमोर? वर्ग रिकामा असेल तर वाईट वाटतं. पण कपाटांची मापं दिलेली आहेत.”

घरी येऊन मी स्वयंपाकघरात भांडी आपटली. शरच्चंद्र पान लावत म्हणाले, “तू त्यांना परत फिरा म्हणालीस, तिथेच चुकलीस. फेरतपासणी म्हण. फेरतपासणी म्हटलं की तो माणूस तापातूनही उठेल.”

मी चिठ्ठी पाठवली: ‘रस्त्याच्या मोजणीत शंका उत्पन्न झाल्याने अध्यक्षांनी समक्ष फेरतपासणी करावी ही विनंती.’ उलट टपाली होकार आला.

तो दिवस उजाडला. रस्ता आता मिळणार नव्हता, म्हणून जाजमावर, शाळेतच. रस्ता खोलीत मावेना. मुलांची ओळ पहिल्या खोलीतून निघाली, दारातून वळली आणि दुसऱ्या खोलीत गेली. आया भिंतीला टेकून. तोरणासाठी आणलेल्या झेंडूचा ढीग खिडकीपाशी. संपतराव आले, पगडी सावरली आणि विचारलं, “कुठून सुरुवात?”

“गुणवंतापासून,” मी म्हणाले.

ते पाऊल टाकणार, तोच वत्सलाबाई घाबऱ्या घाबऱ्या म्हणाल्या, “तसं नव्हे! त्या दिवशी तोंड पुढे करून गेले होते. उलगडायचं तर तोंड तसंच ठेवून, मागे मागे!”

माजी नायब सुभ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. चारुबेन मदतीला धावली. “एमां शुं, साहेब! तपासणी तो आगळथी पण थाय ने पाछळथी पण थाय. मी सांगते ना, या.”

आणि संपतराव मागे मागे येऊ लागले. हातात काठी, सोगा वर, नजर अजूनही क्षितिजावर, फक्त क्षितिज आता दूर दूर चाललेलं. चारुबेन टांगा मागे घ्यावा तशी सांगत होती, “हजी पाछळ... हजी पाछळ... हवे पग उंचो करो... बस, बस!”

पाऊल गुणवंतावरून नीट आलं. पण गुणवंताला त्या पायाच्या तळव्याला गुदगुल्या कराव्याशा वाटल्या, त्याला मी काय करू? संपतराव “अगग” म्हणाले, दोन उड्या मारून मागे गेले आणि झेंडूच्या ढिगात बसले. पगडी ओवाळून टाकल्यासारखी शेजारी पडली.

मग ढिगातून आवाज आला. आधी खोकल्यासारखा, मग स्पष्ट हसण्याचा. “बाई,” ते डोळे पुसत म्हणाले, “मोजणी बरोबर आहे.”

मुलं उठून नाचू लागली. सगळं मिटलं, असं मला वाटलं. पण वत्सलाबाई गुणवंताचा हात धरून उंबऱ्याशीच उभ्या. आईचं मन एवढ्यानं निवत नाही.

“झालं ते झालं,” त्या म्हणाल्या. “पण उलट फिरल्यानं वाढ सुटते, याची खातरी काय? वर्षभर वाट बघायची? आणि नाही वाढला तर?”

बाकीच्या आयांनी आपापली मुलं जवळ ओढली. नुकती भरलेली खोली पुन्हा दाराकडे सरकू लागली. संपतराव झेंडू झटकत उठले, आणि मला पुन्हा कपाटं दिसू लागली.

नीरानं नाक पुसलं.

“ताईंना झोपवा ना,” ती म्हणाली. “ज्यांनी ताईंना ओलांडलं त्यांना बोलवा. उलट चालू दे. ताई वाढल्या की कळेल.”

एवढा शुद्ध प्रयोग मी कुठल्याच व्याख्यानात ऐकला नव्हता. वत्सलाबाई विचारात पडल्या. “हो की,” त्या म्हणाल्या. सगळ्या चेहऱ्यांवर इतकी आशा उमटली, की माझा मान-अपमान कुठे ठेवावा ते मला कळेना. मी पदर खोचला आणि दुसऱ्या खोलीत, ओळीच्या शेवटी, जिथे रस्ता थोडा उरला होता, तिथे जाजमावर आडवी झाले. नीरा माझ्या टाचेशी खडूची रेघ ओढून ओरडली, “पुरला! रस्ता पुरला!”

खालून जग वेगळंच दिसतं. आढ्याची कोळिष्टकं, आयांच्या हनुवट्या, आणि कोपऱ्यातून उठून आलेली, वाती मुठीत धरून उभी असलेली आत्या.

“आत्याबाई,” नीरानं विचारलं, “आमच्या ताईंना कोणी ओलांडलं होतं? ते कुठे राहतात?”

मी हसत म्हणाले, “सांग गं आत्या, आज तरी सांग. म्हैस असेल तर म्हैस आणू.”

कुणीतरी हसलं. आत्या हसली नाही. ती जाजमावर माझ्याजवळ बसली, आणि वत्सलाबाईंकडे बघून म्हणाली, “बाई, पोराला घरी नेऊ नका. माझ्या शब्दावर नेत असाल तर अजिबात नेऊ नका.”

मग माझ्याकडे वळली.

“कुणी नाही ओलांडलं तुला, मंदे. कुणीच नाही. तू विचारायचीस, मी अशी का. आणि दादानं बजावलं होतं, नव्या वहिनीसमोर पहिलीचं नाव काढायचं नाही. मग पोरीला काय सांगू? तोंडाला आलं ते सांगितलं. नि एकदा सांगितलं ते परत कसं फिरवू, ते कळलंच नाही गं.”

तिनं मुठीतल्या वाती जाजमावर ठेवल्या.

“ती ओवीसुद्धा तिचीच. तुला मांडीवर घेऊन म्हणायची. ऊठ. ऊठ, इकडे ये.”

तिनं मला हात देऊन उभं केलं, जवळ ओढलं आणि माझ्या टाळूवर हनुवटी टेकली.

“इथंच,” आत्या म्हणाली. “तुझ्या आईचं डोकं मला बरोबर इथंच लागायचं.”